हिमप्रदेशातील उत्तरायुष्याचे घर

अलास्कातील फेअरबँक्स शहराच्या परिसरात निवृत्तीनंतर ओंडक्यांचे घर बांधू इच्छिणाऱ्याची दृष्टी प्रथम दरीतील सपाट भूमीकडे वळते. देखावा रमणीय, बांधकामही सोपे. अनुभवी रहिवासी मात्र आधी झाडे पाहतात. खुरटे काळे स्प्रूस वृक्ष दाटलेले असतील, तर खाली कायम गोठलेली माती असण्याचा मोठा संभव असतो. अशा भूमीवर घर उभारून शेगडी पेटविली, की तिचीच ऊब झिरपून मातीतील बर्फ वितळवते. पाया खचतो, भिंती कलतात आणि आयुष्यभराची शिल्लक हळूहळू जमिनीत जाते.

दक्षिणेकडे उतरणाऱ्या टेकडीवर बर्च आणि ॲस्पेन वाढतात. तेथील माती बहुधा कोरडी, न गोठलेली असते. २१ डिसेंबरला येथे दिवस चार तासांचाही नसतो. त्यातला अल्प सूर्यप्रकाश या उतारालाच अधिक लाभतो. जड, थंड हवा दरीत साचते. त्यामुळे खाली उणे ४० अंश असताना टेकडीवर थंडी पुष्कळ सौम्य असते.

तरीही एक हिशेब उरतो, तो वयाचा. साठीत सरपण फोडणारे हात ऐंशीत तसे राहत नाहीत. म्हणून हिवाळाभर बर्फ हटविला जाणारा रस्ता आणि रुग्णालयाचे अंतर या गोष्टी सुज्ञ माणूस देखाव्याच्या आधी पाहतो. एकांत हवा असला, तरी हाकेला धावून येणारा शेजारी त्याला वर्ज्य नसतो.