शड्डू ठोकणारा मूकपट

‘द बुल-डॉगर’ला भेटाल तेव्हा कथानक विचारू नका. एक तर त्याचं सगळं लक्ष करामतींवर, आणि आता अंगावर उरलेत ते रोडिओचे थोडे तुकडे. १९२२चा हा अमेरिकन मूकपट नायट्रेट फिल्मवरचा. ती फिल्म एक तर पेट घेते, नाहीतर डब्यातच कुजते. त्याच्याच जोडीने चित्रित झालेला त्याचा भाऊ ‘द क्रिम्सन स्कल’ कायमचा गेला. हा मात्र फाटक्या अंगाने अजून शड्डू ठोकतो.

बढाईखोर तर आहेच. थरार मिळेल, वर हसूही मिळेल, अशी पोस्टरवरच हमी! पण थराराचा मुख्य दावा शंभर टक्के खरा. त्याचा कृष्णवर्णीय नायक बिल पिकेट भरधाव घोड्यावरून बैलावर झेपावायचा, शिंगं धरून मान पिरगाळायचा आणि बैलाचा ओठ दातांत पकडून त्याला आडवा करायचा. बुलडॉग कुत्री ओठ धरून गुरं थोपवतात, हे त्याने टेक्सासमध्ये पोरवयात पाहिलं होतं. १९०८ साली मेक्सिको सिटीत तो लढाऊ बैलाच्या शिंगांना लटकून राहिला, तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी त्याच्यावरच बाटल्या भिरकावल्या. या चित्रपटाच्या वेळी तोच गडी पन्नाशीला आलेला होता.

हा मूकपट स्वभावाने हट्टी. निर्माता रिचर्ड नॉर्मन फ्लोरिडाचा, गोरा. पण चित्रण झालं ओक्लाहोमातल्या बोली या कृष्णवर्णीयांच्या गावी. हॉलिवूड तेव्हा काळ्या माणसाला नोकराच्या वेषात दाराशी उभं करायचं. या पठ्ठ्या मूकपटाने त्यालाच नायक केलं. सोबतीला हार्लेममध्ये १९१५ साली स्वतःची नाटक कंपनी काढणारी ॲनिटा बुश आणि एका पायावर पडदा गाजवणारा स्टीव्ह रेनॉल्ड्स. अशी माणसं जमवायला धमक लागते, ती याच्यात होती.

मान द्यायच्या बाबतीत भलताच उतावळा. घोड्याच्या लाथेने जखमी होऊन पिकेट १९३२ मध्ये गेला; राष्ट्रीय रोडिओ हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं ते १९७१ मध्ये. या मूकपटाने मात्र पिकेटच्या हयातीतच ‘कृष्णवर्णीयांतला जगज्जेता’ म्हणून त्याचं नाव पोस्टरवर ठळक छापलं होतं. त्यातला ‘कृष्णवर्णीयांतला’ मला आजही खटकतो. बैलाने काही पिकेटचा रंग पाहून मान टाकली नव्हती.