तात्या विंचू आणि घरची मराठी

‘झपाटणे’ या क्रियापदाची मराठीत मोठी मौज आहे. पिंपळावरच्या मुंजाने धरलेला माणूस झपाटलेला, आणि गाण्याच्या नादाने घरदार विसरलेलाही झपाटलेलाच. महेश कोठारे यांनी १९९३ साली आपल्या चित्रपटाला ‘झपाटलेला’ हे नाव दिले, तेव्हा हे दोन्ही अर्थ त्यात आपोआप आले. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांनी झपाटले आहे आणि त्याच्या हाती आलेल्या बाहुल्याला एका गुंडाच्या आत्म्याने. तीस वर्षे उलटून गेली, तरी मराठी घरांतून हा चित्रपट गेलेला नाही. त्याचे कारण काय असावे, हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर पडतो.

कथेचा सांगाडा उसना आहे, हे सर्वश्रुत आहे. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटात मरणोन्मुख खुनी मंत्रबळाने दुकानातल्या बाहुल्यात शिरतो. आपल्याकडे तो तात्या विंचू झाला. बाबा चमत्काराकडून मृत्युंजय मंत्र उकळणारा हा गुंड गोळी लागल्यावर बाहुल्यात आसरा घेतो आणि पुन्हा मनुष्यदेह मिळावा म्हणून लक्ष्याची पाठ धरतो. मूळ चित्रपटात हे संकट एका लहान मुलावर येते, त्यामुळे तेथे अंगावर काटा उभा राहतो. येथे ते लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या लक्ष्यावर येते. खून करतो बाहुला आणि संशय येतो लक्ष्यावर. बाहुला खरोखरच बोलतो, असे तो जीव तोडून सांगतो. पण बाहुल्यांना बोलके करणे हाच ज्याचा छंद, त्याचे कोण ऐकणार? स्वतःच्या कलेनेच खोटा पडलेल्या या माणसाची तारांबळ बेर्डे यांनी अशी उभी केली आहे, की आपण हसतो आणि त्याची कणवही येते.

बोलका बाहुला मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव घरोघरी ठाऊक होता. त्यांचेच चिरंजीव रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला घडवला आणि खेळवला. दिलीप प्रभावळकर यांनी त्याला आवाज दिला. ज्या परंपरेने आपल्याला शब्दभ्रमाचा निर्मळ आनंद दिला, तिच्यातूनच हा खुनशी बाहुला आला. ओळखीचे माणूस अवचित डोळे वटारू लागावे, तशी ही गंमत आहे.

पण मला सर्वांत अधिक मौज वाटते ती नावाची. आमचे घराणे होळकरशाहीत इंदूरला आले. आमच्याकडे मराठी चित्रपट चित्रपटगृहात क्वचितच लागत. पुण्या-मुंबईचे पाहुणे व्हिडिओ कॅसेट आणीत, त्यांत एकदा हा आला आणि माझ्या मुलाने ती कॅसेट झिजेपर्यंत पाहिली. आता नात तोच चित्रपट मोबाइलवर पाहते. तिची शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. मराठी वाचताना ती अडखळते. एके दिवशी तिने विचारले, “आजोबा, तात्या तर आपले फोटोतले आहेत ना? मग या गुंडाला कोण तात्या म्हणतं?” माझ्या वडिलांना घरात सारे तात्याच म्हणत. मी काही समजावण्याआधीच तिला ‘विंचू’ आठवला आणि ती खुदकन हसली. ज्या नावापुढे घर अदबीने उभे राहते, त्याला नांगी चिकटवलेली तिला दिसली होती. हा विनोद हिंदीत सांगून पाहा. तो तेथेच मरतो. कुबड्या खवीस या तात्याच्या साथीदाराचेही तेच. खवीस म्हणजे काय, हे आजीच्या गोष्टींतून ज्याला ठाऊक, त्यालाच त्याचे हसू यायचे.

आमच्या मंडळात गणेशोत्सवात मुलांसाठी हा चित्रपट दाखवावा, अशी सूचना यंदा आली आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “हे आपले वाङ्मय का?” प्रश्न गैर नाही. चित्रपटातील काही विनोद ढोबळ आहेत, मारामाऱ्या लांबलेल्या आहेत. नाट्यगीतांची मैफल किंवा कवितावाचन यांची जागा तो घेऊ शकत नाही, घेऊही नये. परंतु त्या मैफलीला आमची नातवंडे येत नाहीत, हेही तितकेच खरे. गेल्या काही वर्षांत पुढच्या रांगांतल्या सतरंज्या रिकाम्या राहू लागल्या आहेत. परप्रांतात भाषा जाते तेव्हा आधी पत्रातून जाते, मग हिशेबातून, मग भांडणातून. भय आणि हसू यांत ती शेवटपर्यंत तग धरून असते. तेथे अजून मुलांची मराठी जागी असेल, तर त्यांना हाक तेथूनच घालायला हवी.

१६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला, तोही लक्ष्यावाचून. तरीही ‘ओम फट् स्वाहा’ म्हणत आमच्या वाड्याच्या जिन्यावरून मुले धावतात, तेव्हा ती कोणत्या भाषेत धावत आहेत, हे मला स्पष्ट ऐकू येते. मंडळाच्या सभेत माझे मत मी सूचनेच्या बाजूने देणार आहे. मैफल दुसऱ्या दिवशी ठेवावी, आणि चित्रपट पाहून हसलेल्या मुलांना तिचे आमंत्रण आपण स्वतः घरोघरी जाऊन द्यावे.