इसार देण्याआधी

तळेगाव दाभाडे

चि. भाचीस,


कामशेतला चिक्कीचा छोटा कारखाना काढायचा, जागा आपली, पैसा नि विक्री मैत्रिणीची, हा बेत ऐकून मनापासून आनंद झाला. पण ‘शाळेपासूनच्या मैत्रिणी आम्ही, करारबिरार कशाला?’ हे तुझं बोलणं मनात सलतंय, म्हणून मुद्दाम लिहितोय. पत्र तिलाही दाखव.

कागद केला नाही म्हणून भागीदारी टळत नाही. 1932 चा भागीदारी कायदा तोंडी भागीदारीही मानतो, आणि तुम्ही जे ठरवलं नसेल ते तो तुमच्यासाठी ठरवतो. नफा-तोटा निम्मा-निम्मा, मग भांडवल कुणी कितीही घातलेलं असो. तू दिवसभर भट्टीपाशी राबलीस तरी त्याचा वेगळा मेहनताना नाही. फर्मचं देणं थकलं तर सावकार दोघींपैकी कुणाहीकडून सगळं वसूल करू शकतो. एकीचं बरंवाईट झालं तर फर्मच संपते. शिवाय फर्म नोंदवलेली नसेल, तर महामार्गावरच्या ज्या दुकानांना तुम्ही उधारीवर माल देणार, त्यांनी पैसे बुडवल्यावर वसुलीचा दावासुद्धा लावता येत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

म्हणून लेखी करारासाठी वडगावच्या कोर्टात दिवाणी कामं करणारे एखादे वकील गाठा. कुठून तरी उतरवलेला छापील नमुना नको. त्यांना सातबाराही दाखव. तू ‘आपली जागा’ म्हणतेस, पण उताऱ्यावर तुझ्या बाबांबरोबर दोन्ही काकांची नावं आहेत. त्यांच्या संमतीचं आणि बिगरशेती परवानगीचं काय, हे आधी विचार.

सीएकडे लोक रिटर्न भरायच्या वेळी धावतात. तुम्ही आत्ताच जा. मालाची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, हे तुला कुणी सांगितलं ते बरोबरच आहे. पण तुझ्या मैत्रिणीला सुरतेच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत ना? राज्याबाहेर चिक्की विकायची तर ही सूट मिळत नाही. फी पहिल्याच भेटीत विचारा, त्यात संकोच कसला! उद्यम नोंदणी मात्र सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

खाण्याच्या मालाची नोंदणी किंवा परवाना वेगळा, आणि तो मिळाला की काम संपत नाही. लोणावळ्याची मगनलाल चिक्की म्हणजे जुनं, घरोघरी ठाऊक असलेलं नाव. पण 2018 च्या डिसेंबरात अन्न व औषध प्रशासनाने अन्नसुरक्षेच्या नियमांवरून त्यांनाही उत्पादन आणि विक्री थांबवायला सांगितली होती. एवढ्या मोठ्या नावाने तो धक्का सोसला. तुमच्या नव्या भट्टीला ऐन हंगामातला एक बंद महिनाही परवडायचा नाही.

वकिलांकडे जायचा दिवस कळव, मी सोबत येईन. चिक्कीच्या यंत्राचा इसार मात्र त्याआधी देऊ नकोस.

तुझा,
मामा