न्हाणीवर छप्पर घालावे का?

आमची न्हाणी परसात, उघड्यावर. तीन बाजूंना जांभ्याची भिंत, वर झापांचा आडोसा, कोपऱ्यात चुलाण, त्यावर तांब्याचा हंडा आणि शेजारी गार पाण्याची दगडी डोण. पाऊस नसतो तेव्हा यासारखे सुख नाही. थंडीत पहाटे कढत पाणी अंगावर घ्यावे आणि उजळणारे आभाळ पाहावे! अडचण मृगापासून पुढची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. पूर्वी सासूबाई डोक्यावर इरले घेऊन चुलाण फुंकीत. आम्ही पावसात घरात गॅसवर पाणी तापवतो. पण यंदा श्रावणात लेक बाळंतपणाला येणार. तिला, बाळाला आणि त्यांच्या कपड्यांना लागणारे पाणी सिलिंडरवर कसे पुरणार? सौरबंबाचाही विचार झाला. पण आषाढ-श्रावणात सूर्य दिसेल तेव्हा ना!

हे म्हणाले, "मंगलोरी कौले घालू." दिसायला उत्तमच. पण न्हाणीचे सांडपाणी पिऊन वाढलेला माड नेमका वर झुकलेला. नारळ पडला की कौले फुटणार, आणि खाली कोणी असले तर? माड तोडण्याची भाषा सासूबाईंपुढे काढायची सोय नाही. तो मामंजींनी लावलेला. झाप घरचेच, फुकटचे. परंतु खाली जाळ, एक ठिणगी पुरे. उरला पत्रा. धूर आणि वाफ लागून तो आतून गंजतो, पावसात ताशासारखा वाजतो. तरी नारळाने त्याला पोचा येईल, तुकडे होऊन डोक्यात पडणार नाहीत.

धाकटा म्हणाला, "बांधताच आहात तर चारी बाजू बंद करून दार लावा." इथे मात्र मी अडून बसले. कोंडलेल्या जागेत लाकूड-कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना रंग, ना वास. डोके जड होते, गुंगी येते आणि माणूस उठूही शकत नाही. बंद न्हाणीघरात गॅसच्या गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तिथे ओल्या बाळंतिणीला बसवायचे? खोलीबिली काही नको.

सासूबाईंचे दुखणे निराळे. "छप्पर घातलेत तर मी ऊन कुठे घेऊ?" न्हाऊन झाले की त्या डोणीच्या कडेला बसून केस सुकवतात, गुडघे शेकतात. ऐंशी वर्षांच्या बाईचे एवढे सुख काढून घ्यायचे माझ्या जिवावर येत होते.

शेवटी ठरले ते असे. पत्रा फक्त चुलाण आणि न्हाण्याचा दगड यांवर. डोणीची पूर्वेकडची बाजू उघडीच. भिंत डोक्याएवढी, पण भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये सगळीकडून हातभर मोकळी जागा, म्हणजे धूर कोंडणार नाही. पावसाची झड पश्चिमेची, म्हणून उतार तिकडे आणि पत्रा भिंतीच्या चांगला बाहेर. पागोळ्या माडाच्या आळ्यात पडतील. नारळ मात्र वेळच्या वेळी पाडून घ्यायचे, हे काम ह्यांच्याकडे.

गवंडी अक्षय्यतृतीयेनंतर येणार आहे. काल सासूबाईंनी स्वतः काठीने जमिनीवर रेघ ओढली. पत्रा इथवर, पुढे एक वीतही नाही!