दोन बोल्ट आणि पाव फेरा

सीट हवी तेवढीच कलते! दात्यांच्या मर्जीने नाही, माझ्या मर्जीने! परवापासून दिसेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

माझी सायकल 1960च्या दशकातली, नॉटिंगहॅमची तीन गिअरची रॅले स्पोर्ट्स. तिचा मूळ सीटचा दांडा म्हणजे साधी पोलादी नळी, वरच्या टोकाला 22.2 मिलिमीटरपर्यंत बारीक होत गेलेली. त्यावर सीटचा क्लॅम्प चढतो आणि सगळी गोम त्या क्लॅम्पच्या दातेरी चकत्यांत आहे. एका दात्यावर आवळलं की सीटचं नाक आभाळाकडे. पुढच्या दात्यावर घेतलं की आपण घसरत हँडलवर, सगळा भार मनगटांवर. मधलं काही नाहीच.

आणि मग हा दोन बोल्टचा दांडा हातात आला! काय डोकं चालवलंय! इटलीतल्या काम्पान्योलोने 1950च्या दशकातच असा दांडा काढला होता, म्हणजे माझ्या रॅलेच्याही आधी. माथ्यावर गोलसर बैठक, तिच्यावर दोन पट्ट्यांत धरलेल्या सीटच्या सळया, एक बोल्ट पुढे, एक मागे. मागचा सैल करून पुढचा आवळा, नाक खाली. उलट करा, नाक वर. माझ्या दांड्यातल्या 6 मिलिमीटरच्या बोल्टला फेऱ्यामागे 1 मिलिमीटर चाल. म्हणजे पाव फेऱ्याला पाव मिलिमीटर! पाना जरासा फिरवायचा, बसून बघायचं, पुन्हा जरासा. मी संध्याकाळभर तेच करत होते.

माप मात्र काटेकोर हवं. दांड्यांची मापं 0.2 मिलिमीटरच्या फरकाने बदलतात. दुकानात सर्रास मिळतो 27.2चा, माझ्या जुन्या दांड्यावर व्हर्नियर लावला तर 25.4, बरोबर एक इंच. "ताई, बारीक दांडा घेऊन पत्रा गुंडाळून देऊ का बसवून?" मिस्त्रीकाकांनी विचारलं. "नको काका, मापाचाच आणू." आणलाच! पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा दांडा कोरडा घातला तर ओलाव्याने दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात, पुढे तो जन्मात निघत नाही. म्हणून काकांनी आतपर्यंत ग्रीस चोपडलं. दांड्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत गेली आहे ना, तेही पाहिलं.

एक अडचण खरी. ब्रुक्स बी66 या स्प्रिंगवाल्या सीटला सळयांच्या दोन जोड्या असतात. त्या या माथ्यात बसत नाहीत. मी एकाच जोडीची चामडी सीट घेतली आणि मला ती जास्तच आवडली.

जुन्या सायकलींचे जाणकार कपाळाला आठ्या घालतील. पण फ्रेमला कानस लागली नाही, भोक पडलं नाही. जुना दांडा तेल लावून कपाटात ठेवलाय, मनात आलं की परत बसेल. खडकवासल्याला जाऊन आले आणि हातांना मुंग्या नाहीत! आता शेजारच्या काकांची हर्क्युलिस. व्हर्नियर पिशवीत टाकूनच ठेवलाय.