काटा का थांबला?

हिंगणघाटच्या कापूस बाजारात दिवाळीनंतर आवक वाढते. सुट्टी संपून बाजार उघडला की यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गाड्याही रांगेत लागतात. हर्रास झाला की भरलेली गाडी वजनकाट्यावर चढते, कापूस उतरवून रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन्ही वजनं डेटाबेसमध्ये पडतात, त्यातून पावती निघते आणि पावतीवरून शेतकऱ्याचा चुकारा. असले डेटाबेस सांभाळणं हे माझं काम.

गर्दीच्या दिवशी सगळे काटे एकदम थांबले की सल्ला येतो, सर्व्हर मोठा घ्या. मी आधी प्रोसेसर बघतो. तो निवांत असेल आणि तरीही पावती निघत नसेल, तर मोठ्या सर्व्हरनं काही साधणार नाही. कुणीतरी डेटाबेसमधल्या एखाद्या ओळीवर कुलूप (लॉक) धरून बसलेलं असतं.

एका हंगामात असंच झालं. तिथल्या डेटाबेसच्या, म्हणजे पोस्टग्रेसच्या, चालू जोडण्यांची यादी उघडली, तर एकाच ओळीसाठी क्वेरींची रांग लागलेली: पावतीचा पुढचा क्रमांक जिथं ठेवतात, ती ओळ. पहिला संशय ताटकळणाऱ्या क्वेरींवरच जातो, कारण डोळ्यांत त्याच भरतात. पण कोण कुणाला अडवतंय हे सांगणारं फंक्शन २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून हाताशी आहे. त्याच्या आधारानं मागे मागे गेलो, तर शेवटी एकच जोडणी उरली आणि ती काहीच करत नव्हती. तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. तिनं व्यवहार (ट्रान्झॅक्शन) उघडला, क्रमांक घेतला आणि पावती छापून होण्याची वाट बघत राहिली. ती ज्या काट्याची जोडणी होती, त्याच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. एका कागदापायी सगळा बाजार खोळंबला.

त्यात माणसाची घाई भर घालते. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या इनोडीबी इंजिनात कुलुपासाठी थांबायची मर्यादा मुळात ५० सेकंद असते. पोस्टग्रेसमध्ये आपण घालून दिली नाही तर मर्यादाच नाही. मागे हॉर्न वाजत असताना काटेवाला तेवढा थांबत नाही. तो पुन्हा बटण दाबतो आणि रांग आणखी वाढते.

उपाय साधे होते. आधी नोंद पक्की करायची, मग छापायचं. प्रत्येक काट्याला पावतीची स्वतंत्र मालिका द्यायची. दिवसाची एकूण आवक दर वजनाला एकाच ओळीत वाढवत न बसता नोंदींची बेरीज करून काढायची. व्यवहार उघडा टाकून बसलेल्या जोडणीला वेळेची मर्यादा घालायची.

कुलूपच काढून टाका, असंही सुचवलं जातं. ते मला मान्य नाही. कुलूप नसेल तर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतील, आणि वर्षभराच्या कष्टाचं वजन चुकीच्या नावावर पडलं तर त्या शेतकऱ्यानं कुणाकडे दाद मागायची? कुलूप हवंच, फक्त गरजेपुरतं. म्हणून नवा कोड तपासताना मी व्यवहार सुरू होतो ती ओळ आणि तो पक्का होतो ती ओळ, या दोन्ही शोधतो. मधे प्रिंटर, एसएमएस किंवा माणसाचं उत्तर यांपैकी कशाचीही वाट बघितली जात असेल, तर तो कोड हंगामात काट्यावर जाऊ देत नाही.