नळाचे गोत

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते, आणि त्याचा शोध घेता घेता कधीकधी एखाद्या अगदी सामान्य वस्तूपाशी येऊन पोचावे लागते. ओढ्याकाठच्या पाणथळ जागी पोकळ काड्यांचे एक उंच गवत उगवते. संस्कृतात त्याला नल म्हणतात. त्याची काडी आतून रिती; तिच्यातून वारा वाहतो, तसे पाणीही वाहते. या गवताच्या नावावरून नळ, नळी, नाली, नलिका असे मोठे गोत वाढले. वैद्य मनगटावर बोटे ठेवून पाहतो ती नाडीदेखील त्याच गोतातली. दूर रोमकडेही असेच घडले. लॅटिन भाषेत अशा गवताला कॅना म्हणत. त्यावरून नळी किंवा पन्हळ या अर्थाचा कॅनालिस हा शब्द झाला, आणि इंग्रजीतला कॅनाल त्यापासून आला. इंजिनियर शेताला पाणी नेणाऱ्या कालव्याला कॅनाल म्हणतो. डॉक्टर कानातल्या वाटेला आणि दाताच्या मुळातील पोकळीलाही कॅनालच म्हणतो. मराठीने मात्र येथे वाटणी केली आहे. जमिनीत खणलेला तो कालवा, शरीरातली ती नलिका. कालवा म्हटले, की तो खणणारे हात आलेच.

हे हात पाहावयाचे असतील, तर खानदेशात पांझरा नदीच्या काठी जावे. तेथे शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालावयाचा आणि त्यामागे अडलेले पाणी पाटाने शेतांकडे वळवावयाचे. पाटाचा उतार फार झाला तर पाणी तळ उकरून काढते, कमी झाला तर गाळ साचतो. तो साधण्यासाठी जुन्या लोकांनी केवढी बारीक नजर वापरली असेल! गावची भिजणारी जमीन फडांत विभागलेली असते आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, असा नियम असतो. पाणी धनी स्वतः घेत नाही. पाटकरी ते प्रत्येकाच्या शेतात सोडतो. त्यामुळे बलिष्ठाचे शेत आधी आणि दुबळ्याचे मागून, असे होत नाही. पाटातला गाळ गावकरी मिळून काढतात.

कालव्यामागे माणूस असतो, ही समजूत इतकी पक्की आहे, की तिने एकदा शहाण्यांनाही चकविले. १८७७ मध्ये इटलीतील खगोलशास्त्रज्ञ स्किआपारेल्ली याला दुर्बिणीतून मंगळावर बारीक रेषा दिसल्या. त्याने त्यांना आपल्या भाषेत कानाली म्हटले. निसर्गाने कोरलेल्या चरांनाही इटालियन भाषेत तोच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र त्याचे कॅनाल झाले. आठच वर्षांपूर्वी, १८६९ मध्ये, सुएझचा कालवा खुला झाला होता. तेव्हा कॅनाल हा शब्द ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खोदकामच उभे राहिले असल्यास नवल नाही. कालवे आहेत, तर ते खणणारेही असले पाहिजेत! अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल याने तर १८९४ मध्ये वेधशाळा उभारली आणि ध्रुवावरील बर्फाचे पाणी कोरड्या प्रदेशाकडे नेणाऱ्या बुद्धिमान मंगळवासीयांवर ग्रंथ लिहिले. पुढे १९६५ च्या जुलैमध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत ओसाड भूमी होती, विवरे होती. कालवा एकही नव्हता. अंधूक ठिपके डोळ्यांनीच जोडून त्यांच्या रेषा केल्या होत्या.

आपल्या कानातल्या वाटा मात्र खऱ्या आहेत, आणि त्या कोणीही खणलेल्या नाहीत. बाहेरून पडद्यापर्यंत जाणारी कर्णनलिका मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटीमीटर लांब व किंचित वाकडी असते. पाटाचा गाळ काढावा लागतो. हिच्यातला मळ बहुधा हळूहळू आपण होऊन बाहेर येतो. असे असूनही काडी घेऊन कान कोरीत बसणारी माणसे घरोघरी आढळतात! काडीने मळ उलट आत लोटला जातो. पडद्याला इजा होते ती वेगळीच.

त्याहून आत, हाडाच्या पोकळीत, प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशी त्यांची मांडणी असते. त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. पाटातले पाणी वाहण्यासाठी असते. या द्रवाचे काम मागे राहण्याचे आहे. डोके वळले, की नलिका त्याबरोबर वळते, पण द्रव क्षणभर मागे रेंगाळतो. त्यामुळे आतले सूक्ष्म केस वाकतात आणि डोके कोणीकडे वळले ते मेंदूला कळते.

नागपंचमीला अंगणात मुली फुगडी घालतात. गिरक्या चालूच राहिल्या, की द्रवालाही गती येते, तो नलिकेबरोबर फिरू लागतो आणि केस पुन्हा सरळ होतात. मग दोघी एकदम थांबतात. डोके थांबते, नलिका थांबते. द्रव मात्र पुढे जातच राहतो आणि केस उलट्या बाजूला वाकतात. डोळे सांगतात, अंगण स्थिर आहे. कान सांगतो, आपण फिरत आहोत. मुलगी हसत हसत तुळशीवृंदावनाला धरून उभी राहते. काही क्षणांनी आतले पाणी थांबते आणि अंगणही थांबते.